पुरस्कारासाठी आलेल्या कथा-कादंबऱ्या कशा वाचाव्यात आणि गुण कसे द्यावेत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वाचनालये, महाविद्यालये आणि साहित्य मंडळे कथा-कादंबऱ्यांना पुरस्कार देतात. त्यांच्या प्राथमिक फेरीचे वाचन बहुधा निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, प्राध्यापक आणि मुरलेले वाचक यांच्या वाट्याला येते. मीही हे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. चांगल्या वाचकांकडूनही त्यात तीच ती चूक होताना मी पाहतो. पुस्तक मिटताक्षणी गुण मांडले जातात आणि गुणपत्रकातला ‘अभिप्राय’ हा रकाना नंतर, त्या गुणांना शोभेल अशा वाक्यांनी भरला जातो. क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी कारण, तेही पृष्ठक्रमांकासह लिहिलेले, आणि मग आकडा. पुढचे टप्पे याच क्रमासाठी आहेत आणि शक्यतो ते एकामागून एक, मधला टप्पा न गाळता पार पाडावेत.

१. नियमपत्र आणि गठ्ठा एकाच बैठकीत तपासावेत

पुस्तकांचा गठ्ठा आला की सुतळी सोडून पहिले पुस्तक वाचायला घेण्याचा मोह होतो. त्याआधी नियमपत्र समोर ठेवून प्रत्येक पुस्तकाचे आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख छापलेले पान उघडावे. मुदतीचा हिशेब प्रत्येक पुरस्काराचा निराळा असतो. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी त्या त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रथम प्रकाशित झालेले पुस्तक लागते. साहित्य अकादमी पुरस्कारासाठी मधले एक वर्ष सोडून आधीची पाच वर्षे धरली जातात, म्हणजे २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळातली पुस्तके पात्र होती. स्थानिक पुरस्कारांत ‘गेल्या दोन वर्षांतील’ एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर वर्ष जानेवारीपासून मोजायचे की पाडव्यापासून, हे आयोजकांना लेखी विचारून घ्यावे.

चार गोष्टी नीट पाहाव्यात: पुस्तक पहिल्या आवृत्तीचे आहे की पुनर्मुद्रण, अनुवाद आहे का, कथासंग्रहातल्या कथा आधीच्या संग्रहातून पुन्हा घेतलेल्या आहेत का, आणि लेखकाचे हे पहिले पुस्तक असल्यास ते योग्य गटात आले आहे का. राज्य पुरस्कारांत प्रौढ कादंबरीसाठी ह. ना. आपटे पुरस्कार आणि प्रथम प्रकाशनाच्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे पुरस्कार असे दोन वेगळे गट आहेत. पहिली कादंबरी मुरलेल्या लेखकांच्या गटात चुकून गेली, तर नुकसान त्या नव्या लेखकाचे होते.

पडताळणी: अपात्र वाटणारे पुस्तक परस्पर बाजूला ठेवू नये. कारण लिहून आयोजकांकडे पाठवावे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ते गठ्ठ्यातच राहू द्यावे.

२. ओळखीपाळखीची नोंद आधीच द्यावी

आपला भाग लहान आहे. अमळनेरच्या कार्यक्रमात भेटलेला लेखक चोपड्याला आपल्या पाहुण्यांच्या घरी उतरलेला असतो, धुळ्याच्या कवयित्रीच्या हस्तलिखितावर आपण पाच वर्षांपूर्वी दोन पाने सूचना लिहून दिलेल्या असतात. अशा ओळखी टाळता येत नाहीत, पण त्या नोंदवता येतात. नातेवाईक, विद्यार्थी, मार्गदर्शक, ज्यांच्याशी कधी जाहीर वाद झाला आहे असे लेखक, आपली स्वतःची पुस्तके काढणारा प्रकाशक, आणि जिच्या प्रकाशन समारंभात आपण भाषण केले किंवा जिच्या मलपृष्ठावर आपला मजकूर आहे अशी कादंबरी, या सर्वांची यादी वाचन सुरू होण्यापूर्वी आयोजकांकडे द्यावी. त्यांतले कोणते पुस्तक दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवायचे, हे त्यांनी ठरवावे.

खबरदारी: ‘ओळख असली तरी मी निःपक्षपातीपणे वाचू शकतो’ हे म्हणणे प्रामाणिक असले, तरी ते तपासण्याचा मार्ग कोणाकडेच नसतो. शिवाय ओळखीच्या लेखकाला मुद्दाम कमी गुण देणे हाही अन्यायच आहे, आणि माझ्या पाहण्यात तो अधिक वेळा घडतो.

३. वेळेचे गणित कागदावर मांडावे

तीस पुस्तके आली आणि सरासरी २२० पाने धरली, तर एकूण ६,६०० पाने होतात. टिपणे काढत, लक्ष देऊन वाचायचे तर तासाला ३५ पाने हा माझा वेग आहे, म्हणजे सुमारे १९० तास झाले. रोज अडीच तास वाचले तरी ७५ दिवस लागतात, आणि हे फक्त पहिले वाचन झाले. आयोजकांनी दोन महिन्यांची मुदत दिली असेल, तर काम स्वीकारतानाच मुदत वाढवून मागावी किंवा पुस्तके दोन वाचकगटांत विभागायला सांगावे. मुदत संपत आली की शेवटची आठ-दहा पुस्तके चाळून उरकली जातात, आणि ती बहुतेक वेळा गठ्ठ्यात तळाशी पडलेली सडपातळ पुस्तके असतात.

वाचनाची वेळही ठरलेली असावी. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारी कूलरसमोर बसून वाचलेले आणि पहाटे पाच ते आठ या वेळेत वाचलेले यांत पडणारा फरक मी माझ्या टिपणांत पाहिला आहे. दुपारच्या टिपणांत ‘संथ’, ‘कंटाळवाणे’, ‘पाल्हाळ’ हे शब्द भलतेच वाढलेले दिसले, आणि त्यांतली दोन पुस्तके पहाटे पुन्हा काढून वाचली तेव्हा त्यांचा संथपणा मला मुळीच खटकला नाही. म्हणून एका फेरीतली सगळी पुस्तके शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी वाचावीत.

४. मोजपट्टी वाचनाआधी ठरवावी

आयोजकांचे गुणपत्रक आले असेल तर ते वापरावे, पण त्यातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सर्व परीक्षकांनी मिळून आधी लिहून काढावा. गुणपत्रक नसेल, तर मी १०० गुणांची अशी विभागणी करतो: भाषा आणि निवेदन ३०, पात्रे आणि त्यांचे परस्परसंबंध २५, रचना २५, आशयाची खोली २०. मुखपृष्ठ, कागद, छपाई यांना शून्य. मुद्रितशोधनाच्या चुका टिपाव्यात, पण त्या लेखकाच्या खात्यावर टाकू नयेत. लहान गावातला प्रकाशक मुद्रितशोधकाला पैसे देऊ शकला नाही, याची शिक्षा कादंबरीला होता कामा नये.

‘विषयाचे सामाजिक महत्त्व’ हा रकाना काही गुणपत्रकांत असतो. माझे मत त्याविरुद्ध आहे. शेतकरी आत्महत्या, स्थलांतर, धरणाने उठलेली गावे हे विषय मोठे आहेतच, परंतु विषयाच्या मोठेपणाला गुण दिले की तोच विषय घेऊन लिहिलेली कच्ची कादंबरी एखाद्या शिंप्याच्या दुकानावर लिहिलेल्या पक्व कादंबरीच्या पुढे जाते. विषय लेखकाला किती पेलला, हे ‘आशयाची खोली’ या रकान्यात पाहता येते.

आकड्यांना शब्दांची जोड असावी. माझ्या पट्ट्या अशा आहेत. ८५ आणि त्याहून अधिक: दुसऱ्या वाचनातही पुस्तकाने नवे काही दिले. ७० ते ८४: पहिल्या वाचनात पकड घेतली, दोष दाखवता येतात पण ते पुस्तकाच्या गाभ्याला लागत नाहीत. ५५ ते ६९: काही भाग फार चांगले, पण पुस्तक एकसंध झालेले नाही. त्याखाली: लेखकाला काय सांगायचे आहे ते कळते, मात्र ते कादंबरीतून कळत नाही, प्रस्तावनेतून कळते. यावरून एक नियम आपोआप येतो. पहिल्या वाचनानंतर कोणत्याही पुस्तकाला ८४ च्या वर गुण देता येत नाहीत.

पडताळणी: सर्व परीक्षकांनी सुरुवातीला एकच पुस्तक वाचून स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ते शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एकाचे ६० आणि दुसऱ्याचे ८० एकाच अर्थाचे आहेत असे आढळले, तर पट्ट्यांची भाषा तेव्हाच दुरुस्त करावी.

५. पहिले वाचन

पुस्तकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. गठ्ठ्यातला क्रम घेतला तर एकाच प्रकाशनाची चार पुस्तके लागोपाठ येतात, आणि स्वतःच्या पसंतीने क्रम लावला तर ऐकिवातली नावे वर येतात. शाळेच्या वह्यांना घालतो तसे खाकी कव्हर प्रत्येक पुस्तकाला घालावे आणि त्यावर फक्त क्रमांक लिहावा. नाव माहीत असते हे खरे, पण रोज उचलताना ते डोळ्यांसमोर येत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना आणि मनोगत शेवटी वाचावे. प्रस्तावनाकाराने दाखवलेले सौंदर्य आपल्याला पुस्तकात खरोखर दिसले की त्याने सांगितले म्हणून दिसले, हा प्रश्न मग उरत नाही.

वाचताना पुस्तकात खुणा करू नयेत. पानाच्या आकाराच्या अर्ध्या कागदाची पट्टी पुस्तकात ठेवून तिच्यावर पृष्ठक्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहावेत. निवेदक बदलला, काळ मागे गेला, पात्राचे नाव पहिल्यांदा आले, एखादा संवाद लक्षात राहिला, एखाद्या पानावर आपले लक्ष उडाले, हे सगळे टिपावे. लक्ष उडालेल्या जागा विशेष महत्त्वाच्या असतात. तीन वेगवेगळ्या दिवशी एकाच पुस्तकात लक्ष उडाले तर दोष पुस्तकाचा असण्याचा संभव आहे. एकाच बैठकीत तीनदा उडाले तर बहुधा तो आपल्या थकव्याचा असतो.

‘पन्नास पानांत पुस्तक कळते’ असे म्हणून पुढचे वाचन सोडून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. प्राथमिक फेरीतसुद्धा ती मला मान्य नाही. गावातली बरीचशी माणसे एकदम समोर आणणाऱ्या कादंबरीची पहिली पन्नास पाने ओळख करून देण्यातच जातात. शंभराव्या पानाला ती माणसे एकमेकांच्या आड येऊ लागतात, आणि तिथून कादंबरी उभी राहते की कोसळते ते दिसते. याउलट, पहिली चाळीस पाने घासूनपुसून लखलखीत केलेली आणि पुढे सैल पडलेली पुस्तकेही येतात. सोडून दिलेल्या वाचनात पहिल्या प्रकारावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला फुकट गुण मिळतात.

एका पुस्तकानंतर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. एका वर्षी मी सहाशे पानांची, तीन पिढ्यांची कादंबरी आठ दिवस वाचत होतो. ती रविवारी दुपारी संपली आणि त्याच संध्याकाळी ११२ पानांची एक लहान कादंबरी एका बैठकीत वाचून मी तिला ५२ गुण दिले. टिपण होते: ‘फार काही घडत नाही.’ दुसऱ्या परीक्षकांनी ती यादीत ठेवायचा आग्रह धरला म्हणून महिन्याभराने पुन्हा वाचली. त्या कादंबरीतल्या निवेदक बाईला सासरी कोणी नावाने हाक मारत नाही. ती ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ म्हणूनच वावरते. ९७ व्या पानावर बाजारात भाजीचे पैसे देताना माहेरच्या गावची एक म्हातारी तिला नावाने हाक मारते आणि ती वळून पाहायच्या आधी क्षणभर थांबते, कारण ते नाव आपले आहे हे तिला उशिरा कळते. पहिल्या वाचनात हे पान माझ्या डोळ्यांखालून गेले आणि मला दिसले नाही, कारण माझे कान अजून तीन पिढ्यांच्या गलबल्यात होते. दुसऱ्या वाचनानंतर मी ७८ गुण दिले. त्या लेखिकेचे नशीब माझ्या रविवारच्या घाईवर अवलंबून होते, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

६. टिपण त्याच दिवशी, गुण दुसऱ्या दिवशी

वाचन संपले की त्याच दिवशी दीडशे शब्दांचे टिपण लिहावे. त्यात कथानक सांगू नये. पुस्तक काय करू पाहते, ते कोणत्या साधनांनी करते, आणि कुठे साधले व कुठे फसले, एवढेच असावे, आणि प्रत्येक विधानापुढे पृष्ठक्रमांक हवा. ‘भाषा प्रवाही आहे’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाही. ‘आईच्या मृत्यूचा प्रसंग (पृ. ६१) निवेदकाने स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या यादीतून सांगितला आहे आणि रडणे कुठेही नाही’ असे लिहिले, तर सहा महिन्यांनीही ते पुस्तक आठवते.

दुसऱ्या दिवशी, टिपण वाचून, रकानेनिहाय गुण द्यावेत आणि शेवटी बेरीज करावी. बेरीज आणि मनातला कौल यांत दहापेक्षा अधिक गुणांचे अंतर पडले, तर एखाद्या रकान्यात फेरफार करून बेरीज मनासारखी करून घेऊ नये. ते अंतर तसेच नोंदवावे आणि पुस्तकावर ‘पुन्हा वाचणे’ अशी खूण करावी.

वस्तुस्थितीच्या चुकांविषयी येथेच लिहितो. एका कादंबरीत आषाढात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. आपल्याकडे कापूस लावला जातो जूनच्या आसपास आणि वेचणी साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे कोणाही शेतकरी वाचकाला ते पान खटकेल. अशा वेळी विचारावे की ही चूक पुस्तकात किती खोल गेली आहे. त्या कादंबरीत आषाढ हा एका वाक्यातला उल्लेख होता आणि प्रसंग उभा होता तो बायांच्या बोलण्यावर, म्हणून मी एक गुण कमी केला. कथानकाची कलाटणीच त्या वेचणीच्या मजुरीवर आणि आषाढातल्या पावसावर असती, तर पायाच ढासळला असता.

७. बोलीतले लेखन

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. बाहेरचा परीक्षक अहिराणी किंवा लेवा बोलीतले संवाद ‘दुर्बोध’ म्हणून गुण कापतो. आपल्याकडचा परीक्षक आपली बोली छापील पानावर दिसल्याच्या आनंदात गुण वाढवतो. बोली असणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. ती काय काम करते ते पाहायचे.

(क) बोलीतला मजकूर मोठ्याने वाचावा. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळा ‘डोया’ होतो, हे डोळ्यांना अडते पण कानाला अडत नाही. मोठ्याने वाचल्यावर वाक्याची लय सापडली, तर लेखकाने बोली ऐकून लिहिली आहे. लय प्रमाण मराठीची आणि शब्द तेवढे बदललेले असतील, तर तेही लगेच कळते.

(ख) सातत्य तपासावे. अहिराणीत ‘माझा’ला ‘मना’, ‘तुझा’ला ‘तुना’, ‘मला’ला ‘माले’ म्हणतात. चाळिसाव्या पानावर ‘मना भाऊ’ म्हणणारा म्हातारा ऐंशीव्या पानावर कारण नसताना ‘माझा भाऊ’ म्हणू लागला, तर लेखकाचा हात सुटला आहे. मात्र हाच म्हातारा तहसील कार्यालयात साहेबासमोर ‘माझा’ म्हणत असेल आणि बाहेर पडल्यावर ‘मना’वर येत असेल, तर ती कादंबरीतली अतिशय बारीक आणि खरी नोंद आहे. दोन्ही ठिकाणी पानावर दिसणारा बदल सारखाच असतो, म्हणून जागा आणि समोरचा माणूस पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

(ग) छपाईची चूक आणि बोलीतला शब्द यांत घोटाळा करू नये. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. एका कान्याच्या फरकाने वाक्याचा अर्थ फिरतो, आणि बोली न जाणणारा मुद्रितशोधक दोन्हीकडे एकच शब्द करून टाकू शकतो. शंका आली तर बोली जाणणाऱ्या माणसाला तेवढे वाक्य, पुस्तकाचे नाव न सांगता, वाचून दाखवावे.

(घ) अपरिचित शब्द अडला म्हणून गुण कापू नयेत. ‘आखाजी’ म्हणजे अक्षय्य तृतीया हे पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला ठाऊक नसेल, पण झोके बांधलेले आहेत, सासुरवाशिणी माहेरी आल्या आहेत, उन्हाळा आहे, एवढे प्रसंगातून कळत असेल तर लेखकाचे काम झाले. प्रत्येक शब्दाला तळटीप दिलेली कादंबरी आपल्याच माणसांकडे पाहुण्यासारखी पाहू लागते, असे मला वाटते. येथे मतभेद होऊ शकतो, म्हणून समितीने तळटिपांबद्दलचे धोरण आधीच बोलून घ्यावे.

खबरदारी: भिल्ली, पावरी, गुजरी या बोलींतला मजकूर असेल आणि समितीत त्या बोलीचा एकही जाणकार नसेल, तर तसे लेखी कळवून जाणकाराचे मत मागवावे. अंदाजाने ‘अस्सल’ किंवा ‘कृत्रिम’ असा शेरा मारू नये.

८. कथासंग्रह वेगळ्या रीतीने वाचावा

कथासंग्रह कादंबरीसारखा सलग वाचला की तिसऱ्या कथेनंतर सगळ्या कथा एकसारख्या वाटू लागतात. रोज दोन कथांपेक्षा जास्त वाचू नयेत आणि प्रत्येक कथेचे तीन ओळींचे टिपण ठेवावे. सर्व कथांच्या गुणांची सरासरी काढणे ही चूक आहे. बारा कथांपैकी चार असामान्य आणि आठ बेताच्या असलेला संग्रह सरासरीत पडतो, आणि बाराही कथा नेटक्या पण एकही स्मरणात न राहणारा संग्रह वर येतो. मी सर्वांत चांगल्या तीन कथा, सर्वांत कमकुवत एक कथा आणि संग्रहाची एकत्रित छाप अशा तीन गोष्टी समोर ठेवून गुण देतो. कमकुवत कथा अशासाठी की ती संग्रहात घेण्याचा निर्णयही लेखकाचाच असतो.

९. दुसरे वाचन आणि गुणांची सरक

पहिली फेरी संपल्यावर सुरुवातीला वाचलेली चार पुस्तके पुन्हा काढून, जुने गुण झाकून, नव्याने गुण द्यावेत. सुरुवातीला हात आखडता असतो, कारण पुढे काय येईल हे माहीत नसते. काही जणांचे याउलट होते, उत्साहाच्या भरात पहिल्या पुस्तकांना भरभरून मिळते आणि मग हात आवरला जातो. ही सरक, म्हणजे जुन्या आणि नव्या गुणांतला फरक, पाच-सहा गुणांची निघाली तर पहिल्या दहा पुस्तकांचे गुण त्या प्रमाणात तपासावेत.

आता वरची आठ-दहा पुस्तके संपूर्ण पुन्हा वाचावीत. बुकर पुरस्काराचे परीक्षक तेरा पुस्तकांची लांब यादी दुसऱ्यांदा आणि सहा पुस्तकांची अंतिम यादी तिसऱ्यांदा वाचतात. आपल्या पुरस्काराची रक्कम लहान असली तरी लेखकाने पुस्तकात घातलेली वर्षे तेवढीच असतात, म्हणून निदान दुसरे वाचन टाळू नये. या वाचनात शेवट माहीत असतो, त्यामुळे उत्कंठेने झाकलेले दोष उघडे पडतात आणि आधी निसटलेली जोडकामे दिसू लागतात.

दुसऱ्या वाचनानंतर गुणांऐवजी क्रम लावावा. सहा पुस्तके असतील तर दोन-दोनच्या पंधरा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत ‘या दोहोंतले कोणते?’ एवढाच प्रश्न विचारून कारणाची एक ओळ लिहावी. ७६ की ७७ या विचारात घालवलेल्या वेळेपेक्षा या पंधरा ओळी अधिक उपयोगी पडतात.

१०. निवड समितीची बैठक

बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येक परीक्षकाने आपला क्रम बंद पाकिटात आयोजकांकडे द्यावा. बैठकीत वयाने किंवा पदाने सर्वांत लहान असलेल्याने आधी बोलावे. ज्येष्ठ सर आधी बोलले की आपल्याकडे पुढच्यांची मते आदरापोटी वाकतात.

बेरजेवर निकाल लावू नये. समजा तीन परीक्षकांनी ‘अ’ या कादंबरीला ८२, ८४ आणि ४५ गुण दिले, आणि ‘ब’ला ७०, ७१ आणि ७२ दिले. बेरीज ‘अ’ची २११ आणि ‘ब’ची २१३ होते. तिघांपैकी दोघांनी ‘अ’ला बराच वरचा मान दिला असूनही ‘ब’ जिंकते, आणि कोणाचेही पहिले प्रेम नसलेले पुस्तक पुरस्कार घेऊन जाते. दुसरा धोका असा की एक परीक्षक ४० ते ९० अशी ऐसपैस पट्टी वापरतो आणि दुसरा ६५ ते ७५ मध्येच फिरतो. मग बेरजेत पहिल्याचाच शब्द चालतो. म्हणून गुण यादी लहान करण्यासाठी वापरावेत आणि अंतिम निवड क्रम मांडून, चर्चा करून, मग बहुमताने करावी. ४५ देणाऱ्याला गप्प बसवू नये. त्याला पृष्ठक्रमांकासह बोलू द्यावे. कदाचित बाकीच्या दोघांना न दिसलेली उचलेगिरी त्याला दिसली असेल, किंवा ती बोली त्याला लागली नसेल. दोन्ही गोष्टी कळणे आवश्यक आहे.

पुरस्कार विभागून देण्याचा प्रश्न आला, तर नियमपत्र काय म्हणते ते आधी पाहावे. १९९२ साली बुकर पुरस्कार दोन कादंबऱ्यांना विभागून दिला गेला, त्यानंतर विभागणीला मनाई करणारा नियम झाला, आणि तरीही २०१९ च्या परीक्षकांनी तो मोडून पुन्हा दोन पुस्तकांना पुरस्कार दिला. आपल्याकडे विभागणी बऱ्याचदा कोणाला दुखवायचे नाही म्हणून केली जाते. पंधरा जोड्यांची टिपणे हातात असतील, तर निर्णय घेणे तितके अवघड राहत नाही.

पडताळणी: निकालाच्या कागदावर सह्या करण्यापूर्वी विजेत्या पुस्तकाचे पात्रतेचे पान पुन्हा एकदा उघडून पाहावे.

११. अभिप्राय आणि टिपणांची व्यवस्था

मानपत्रात किंवा जाहीर अभिप्रायात जायचा मजकूर टिपणांतून घ्यावा, नव्याने रचू नये. निवड न झालेल्या पुस्तकांविषयी कोणाशीही बोलू नये, मग लेखक बसस्थानकावर भेटला तरी. त्याने विचारलेच, तर समितीचा निर्णय एकत्रित असतो एवढेच सांगावे. आयोजकांची तयारी असेल तर अंतिम यादीतल्या लेखकांना दीडशे शब्दांचे टिपण, परीक्षकाचे नाव काढून, पाठवावे. नव्या लेखकाला असे टिपण क्वचितच मिळते, आणि पृष्ठक्रमांकासह लिहिलेले टिपण तर फारच क्वचित.

गुणपत्रके आयोजकांकडे जमा करावीत. स्वतःकडचे कच्चे कागद आणि पुस्तकांतल्या पट्ट्या निकाल जाहीर होईपर्यंत जपून ठेवाव्यात आणि नंतर नष्ट कराव्यात. पुस्तके आयोजकांच्या संमतीने जवळच्या गावातल्या, शासनाच्या वर्गवारीत ‘क’ किंवा ‘ड’ वर्गात मोडणाऱ्या लहान वाचनालयाला द्यावीत. देण्यापूर्वी खाकी कव्हरे काढून, आत एखादी पट्टी राहिली नाही ना, हे एकेक पुस्तक उघडून पाहावे.